उदमांजर नेमके कोणते? एका पुस्तक-पुरस्काराचे प्रकरण

देणगीच्या पत्रात एकच ओळ होती : ‘गोव्यातील पशुपक्ष्यांवरील उत्कृष्ट मराठी पुस्तकास, दरवर्षी.’ खाली सही आणि सोबत धनादेश. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला हे पत्र देणारे गृहस्थ मुंबईत बँकेत नोकरी करून निवृत्तीनंतर घरी परतलेले. त्यांची पत्नी इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची. सुरवंट आणून बरणीत ठेवायची आणि फुलपाखरू बाहेर आले की ज्या मुलाची पाळी असेल त्याच्या हातून खिडकीतून सोडून द्यायची. ती गेली तेव्हा तिच्या नावाने काही करावे असे त्यांच्या मनाने घेतले. वाचनालयाच्या कार्यकारिणीने दुसऱ्याच बैठकीत होकार दिला. आलेली देणगी परत पाठवणारे वाचनालय मी तरी अजून पाहिलेले नाही.

परीक्षक तिघे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना सगळा गाव ‘बाई’ म्हणतो. वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना आम्ही ‘भाऊ’ म्हणतो. आणि मी. माझी नोकरी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवण्यात गेली. पहिल्याच वर्षी आम्हा तिघांत जे झाले ते इथे नोंदवतो आहे. या वादात मी एक बाजू होतो, हे आधीच सांगून ठेवतो. तटस्थ वृत्तांत हवा असेल तर तो वाचनालयाच्या इतिवृत्तात आहे, पाच ओळींचा.

आम्हाला वाटले होते, पुस्तके वाचायची, गुण द्यायचे, बेरीज करायची. पण पहिल्या बैठकीत पुस्तके उघडलीच गेली नाहीत. पत्रातली ती ओळच फुटली. ‘पशुपक्षी’ म्हणजे काय, असे भाऊंनी विचारले. पशू आणि पक्षी एवढेच धरले तर बेडूक बाद, साप बाद, फुलपाखरू बाद, आणि फुलपाखरू बाद झाले तर जिच्या नावाने पुरस्कार त्या देणगीदारांच्या पत्नीचाच विषय बाद. मासेही बाद. गोव्याने २०१६ मध्ये शेवट्याला राज्यमासा म्हणून मान दिला, आणि आम्ही मात्र त्याच्यावरचे पुस्तक दारातून परत पाठवणार! हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. देणगीदारांना फोन लावला. ते म्हणाले, ‘अहो, जिवंत आणि इथले, एवढेच माझ्या मनात होते.’

‘उत्कृष्ट’ हा शब्द मात्र सुटेना. उत्कृष्ट कशात? भाषेत, छपाईत, की माहितीत? बाईंचे म्हणणे सरळ होते : पुरस्कार वाचनालयाचा आहे, वाचनालय मराठीचे आहे, तेव्हा आधी मराठी बघायची. भाऊ म्हणाले, आधी जनावर बघायचे. मी सुचवले की जगात अशा पुस्तकांना बक्षिसे कशी देतात ते पाहू या, आणि सिडनीच्या व्हिटली पुरस्कारांचे नाव घेतले.

भाऊंनी लगेच विचारले, ‘म्हणजे आसामातल्या हरगिल्ला पक्ष्यासाठी काम करणाऱ्या बाईंना मिळाला तोच ना?’

तो नव्हे. हा घोटाळा इतका सर्रास होतो की तो निस्तरूनच पुढे जाऊ. पूर्णिमा देवी बर्मन यांना २०१७ आणि २०२४ मध्ये मिळाला तो सन्मान ब्रिटनमधल्या व्हिटली निधीचा. तो प्रत्यक्ष संवर्धनाचे काम करणाऱ्या माणसांना मिळतो. सिडनीचा पुरस्कार वेगळा, आणि तो पुस्तकांना मिळतो. न्यू साउथ वेल्सच्या रॉयल झूलॉजिकल सोसायटीने तो १९७९ मध्ये सुरू केला आणि गिल्बर्ट व्हिटली या मत्स्यशास्त्रज्ञाचे नाव त्याला दिले. व्हिटली १९०३ मध्ये इंग्लंडात जन्मले आणि ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये माशांचा विभाग सांभाळत निवृत्तीपर्यंत राहिले. या संस्थेच्या प्रकाशनांचे संपादनही त्यांनी केले. १९७५ मध्ये ते वारले. म्हणजे ज्याचे नाव पुरस्काराला दिले तो माणूस स्वतः मासे मोजणारा आणि इतरांचे लेख तपासणारा होता. मला हे बरे वाटते. आपल्याकडे पुरस्काराला नाव बहुधा आमदाराचे असते.

त्या पुरस्कारातल्या दोन गोष्टी मी बाईंना आणि भाऊंना सांगितल्या. एक, पुस्तकात त्या प्रदेशातल्या प्राण्यांविषयी भरीव माहिती असली पाहिजे. विषय नुसता निसर्ग असून भागत नाही. दोन, सगळी पुस्तके एकाच रांगेत उभी करत नाहीत. मुलांचे पुस्तक, ओळखीसाठीची मार्गदर्शिका, संदर्भग्रंथ अशा वर्गांत वेगवेगळी प्रशस्तिपत्रे देतात. आणि या सगळ्यांच्या वर पदक. ते प्राण्यांच्या ज्ञानात मोठी भर घालणाऱ्या पुस्तकासाठी राखलेले. बाई म्हणाल्या, ‘एवढे वर्ग करायला आपल्याकडे पुस्तके तरी आली आहेत का?’

आली होती पाच. त्यातली तीन पटकन सांगून टाकतो. एक वाघावरच्या कवितांचा संग्रह. २०२० च्या जानेवारीत सत्तरी तालुक्यातल्या म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले, त्याची जखम त्या कवितांत खरी होती. पण वाघ त्यात प्रतीक म्हणून येतो आणि प्रतीक म्हणूनच जातो. दुसरे मुलांचे चित्रपुस्तक, चांगले. तिसरा एका वर्तमानपत्री सदराचा संग्रह. त्यात दर आठवड्याला एक पक्षी, आणि प्रत्येक पक्ष्याच्या निमित्ताने लेखकाचे बालपण. निम्मे पुस्तक वाचले तरी पक्ष्यांपेक्षा लेखकाच्या आजीची ओळख जास्त पक्की होते. आजी फार गोड होती, हेही खरे.

राहिली दोन, आणि भांडण त्या दोघांत.

पहिले जाडजूड, गुळगुळीत कागदावरचे, कोकण आणि गोव्याच्या वन्यजीवांवर. गोव्याबाहेरच्या प्रकाशकाचे. छायाचित्रे देखणी आणि भाषा वाहती. बाईंनी त्यातला दूधसागरवरचा पहिला परिच्छेद आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला आणि वाचून झाल्यावर क्षणभर कुणी बोलले नाही. मीही नाही. तो परिच्छेद खरेच चांगला होता.

दुसरे बहात्तर पानांचे, मधोमध दोन पिना मारलेले. फोंड्यातल्या एका छापखान्यात छापलेले, मुखपृष्ठ एकरंगी. एका तरुण प्राथमिक शिक्षिकेने लिहिलेले आणि विषय एवढाच : कुंभारजुवेच्या कालव्याच्या बाजूचे एक खाजन, त्याचा एक बांध, त्या बांधातली एक मानस, आणि तिथे दोन वर्षांत दिसलेले प्राणी.

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडे थांबतो. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली सखल जमीन. तिथे पावसाळ्यात खाऱ्याला तग धरणारे कोरगुट भात होते आणि उरलेल्या दिवसांत मासळी. बांधात ठरावीक जागी लाकडी झडपांची दारे बसवलेली असतात, ती मानस. भरतीचे पाणी आले की त्याच्याच दाबाने दार मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. इंजिन नाही, माणूस नाही. पण मासे धरायचे असले की माणूस लागतो. रात्री ओहोटीला मानशीच्या तोंडाला जाळे लावून बसतात. या मासेमारीचा हक्क लिलावात जातो. ज्याने तो घेतला त्याला प्रत्येक उधाण आणि प्रत्येक भांग, म्हणजे कमी जोराची भरती, तोंडपाठ असते, कारण त्यावर त्याचे पैसे असतात.

पुस्तिकेतल्या नोंदी अशाच एका पागीच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या. शिक्षिकेने त्याच्या मागे बसून त्या लिहून घेतल्या, आणि पुढे त्याच्याबरोबर रात्री जाऊन स्वतःही पाहिले. पानोपान तक्ते आहेत. तारीख, तिथी, भरती की ओहोटी, काय दिसले, कुठे, किती वेळ. पाणमांजरांनी बांधाच्या कुठल्या दगडावर विष्ठा टाकली आणि तीत खवले होते की कुर्लीची कवचे. जाळे कुठल्या रात्री फाटले आणि भोक केवढे होते. मानगे, म्हणजे मगर, उन्हाला कुठल्या बाजूच्या चिखलावर येतो आणि मानस उघडी असली की तो जागा बदलतो का. तिथी लिहिण्याची पद्धत पाहून मला हसू आले होते. मग कळले की तिथीच बरोबर आहे. भरतीचा जोर अमावास्या-पौर्णिमेला वाढतो आणि अष्टमीच्या सुमारास उतरतो, तेव्हा हा माणूस नुसत्या तिथीने अर्धे भरतीचे कोष्टक लिहीत होता. वर्गात मी मुलांना जे ‘चल’ आणि ‘नियंत्रण’ म्हणून शिकवले ते इथे ‘नवमी, भांग, पाणी थोडे’ असे लिहिलेले होते.

आता उदमांजर.

जाडजूड पुस्तकात एक सबंध पान ‘उदमांजर’ या प्राण्याला दिले होते. वर छायाचित्र, पाण्यातून डोके वर काढलेले ओले पाणमांजर, तोंडात मासा. खाली मजकुराचा मथितार्थ असा : हा प्राणी एकांडा आणि निशाचर, दिवसा झाडाच्या ढोलीत झोपतो, रात्री माडावर चढून रेंदेराच्या, म्हणजे माडी काढणाऱ्याच्या, मडक्यातली सूर (माडी) पितो, फळे खाऊन बिया पसरवतो, आणि नदीकाठी कुटुंबकबिल्यासह मासे पकडताना दिसतो.

एकांडा आणि कुटुंबकबिल्यासह, एकाच परिच्छेदात.

घोटाळा कसा झाला असेल हे समजते. मराठी प्राणिशास्त्रीय लेखनात उदमांजर म्हणजे कांडेचोर. झाडावर चढणारा, फळे खाणारा, सुरेचा शौकीन. इंग्रजीत त्याला ताडीमांजर अशा अर्थाचे नावच आहे. आणि नुसता ‘ऊद’ म्हणजे पाणमांजर. हा ऊद संस्कृतातल्या पाण्याशी नाते सांगणाऱ्या ‘उद्र’वरून आलेला. त्यात भर म्हणजे मसण्याऊद हे तिसरे नाव, स्मशानाची भीती चिकटलेले आणि गावोगाव वेगवेगळ्या जनावराला लावले जाणारे. नदीकाठची माणसे पाणमांजरालाही सर्रास उदमांजर म्हणतात. लेखकाने एका ठिकाणाहून नाव घेतले, दुसऱ्या ठिकाणाहून मजकूर, आणि चित्र तिसऱ्याच ठिकाणाहून. तिन्ही एका पानावर आणून शिवली. शिवण इतकी सुबक होती की पहिल्या वाचनात मलाही दिसली नव्हती. ती भाऊंना दिसली. त्यांनी पानावर बोट ठेवले आणि विचारले, ‘सर, हे जनावर माडावर चढते केव्हा? मासा तोंडात धरून?’

मग मी वही घेऊन बसलो आणि एकेक पान तपासू लागलो. माझ्यातला शिक्षक जागा झाला होता, आणि तो जागा झाला की माणसाला थोडा क्रूर करतो. अकरा चुका निघाल्या. काही किरकोळ, काही तितक्या नाहीत. दुसऱ्या बैठकीत मी ती यादी ठेवली.

बाईंनी ती शांतपणे वाचली. मग त्यांनी पुस्तिका उघडली, त्यातल्या दोन छायाचित्रांखालच्या ओळी दाखवल्या आणि म्हणाल्या, ‘इथे मगरीला सुसर म्हटले आहे. तुमच्याच शास्त्राप्रमाणे सुसर म्हणजे लांब चोचीसारख्या तोंडाची, उत्तरेतल्या नद्यांतली. गोव्यात ती नाही. ही चूक तुमच्या यादीत का नाही?’

ती मी पाहिली होती. पेन्सिलने खूणही केली होती. पण पुस्तिका मला आवडली होती, म्हणून यादीत घेतली नव्हती. हे मी कबूल केले. बाईंनी विषय तिथे सोडला नाही. घरून आणलेला जुना शब्दकोश त्यांनी पिशवीतून काढला. त्यात सुसर म्हणजे मगरच. कोकणाच्या किनाऱ्यावर आजही लोक मगरीला सुसर म्हणतात. पाठ्यपुस्तकांनी नंतर दोन प्राण्यांना दोन नावे वाटून दिली, म्हणून खाडीकाठच्या माणसाने आपली सुसर परत द्यायची का? म्हणजे माझी पेन्सिलची खूणही चुकीची होती आणि ती लपवणेही चुकीचे होते. एकाच बैठकीत दोन्ही बाजूंनी हरण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचितच आला असेल.

पण याच हरण्यातून मला त्या दोन पुस्तकांतला फरक नीट सांगता आला. पुस्तिकेने मगरीला सुसर म्हटले, मजकुरात मानगे म्हटले, एका ठिकाणी मगरही म्हटले. नावे तीन, पण जनावर एकच. शेजारी तिचे चित्र आहे, तिची जागा आहे, ती किती वाजता पाण्यात गेली ते आहे. कुणीही जाऊन ताडून पाहावे. जाडजूड पुस्तकात नाव एक आणि जनावरे दोन. तिथे ताडून पाहायला जागाच नाही, कारण असे जनावर कुठेच नाही. नाव चुकले तर वाचक दुरुस्त करतो. जनावरच बनावट असेल तर तो काय करील? मी हे बाईंना म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘हे तुम्ही यादीऐवजी आधीच का नाही सांगितले?’

भाषेचा मुद्दा मात्र त्यांनी सोडला नाही, आणि तो सोडण्यासारखा नव्हताही. पुस्तिकेत शुद्धलेखनाच्या चुका होत्या. तक्त्यांच्या मधला मजकूर कोरडा होता. पागीचे बोलणे कोकणीत होते आणि लेखिकेने ते तसेच ठेवले होते, पान-पानभर. हे मराठी पुस्तक आहे का? गोव्यात हा प्रश्न विचारला की चहा थंड होतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापरही मान्य झाला, पण त्याआधीचे आणि नंतरचे वाद आमच्या पिढीच्या अंगात आहेत. बाई त्या वादातल्याच. मी त्यांना दोन बेडकांची गोष्ट सांगितली. पश्चिम घाटाच्या या भागातून शास्त्रज्ञांनी एकाच कुळातले दोन बेडूक नवे म्हणून नोंदवले. २०१५ मध्ये नोंदवलेल्याचे नाव ‘गोमंतकी’ आणि २०१८ मध्ये नोंदवलेल्याचे ‘गोएमची’, म्हणजे गोंयची. एकाला आमचे जुने संस्कृत नाव मिळाले, दुसऱ्याला घरातले. दोघेही पावसात ओरडतात, आणि कुठल्या भाषेत ते त्यांना कुणी विचारलेले नाही. बाई हसल्या. पण हसून त्यांनी मत बदलले असे नाही. त्या म्हणाल्या, पागीचे बोलणे कोकणीत ठेवायला हरकत नाही, त्याचे मराठी करून तो नाटकी वाटला असता. पण जे लेखिकेचे स्वतःचे आहे ते तरी तिने नीट लिहायला हवे होते. हे बरोबर होते. आजही मला ते बरोबर वाटते.

मग भाऊंची हरकत आली, आणि ती सगळ्यांत जड होती.

‘हे पुस्तक खरे आहे,’ ते म्हणाले, ‘म्हणूनच मला भीती वाटते.’ पाणमांजरे कुठल्या दगडावर येतात, त्यांचे बीळ बांधाच्या कुठल्या वळणावर, मगर कुठल्या तासाला चिखलावर निजलेली असते, हे सगळे नकाशासकट छापलेले. पुरस्कार दिला की वर्तमानपत्रात येणार. मग होड्या भरून हौशी येणार, आणि त्यांच्या मागून हौस नसलेलेही येणार. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे हो, पण कायदा रात्री मानशीवर बसत नाही. नोकरीत त्यांनी जे पाहिले ते त्यांनी थोडक्यात सांगितले. ते मी लिहीत नाही.

ही भीती नुसती वनखात्याच्या सवयीची नव्हे. दक्षिण चीनमधल्या एका गुहापालीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी ती इतकी पकडली गेली की मूळ जागेवरून नाहीशी झाली. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनीच हे मांडले. तेव्हापासून नव्या प्राण्याचे वर्णन करताना नेमकी जागा छापावी की नाही, यावर चर्चा चालू आहे. म्हणजे मी ज्या गुणासाठी पुस्तिकेला उचलून धरत होतो, नेमकेपणा, तोच तिचा धोका होता. सिडनीहून उसना आणलेला निकष मला इथे उपयोगी पडला नाही. भरीव माहिती हवी, हे ठीक. पण ती भरीव माहिती कुणाच्या हाती पडणार आहे, हे त्या एका वाक्यात नाही.

तिसरी बैठक आम्ही वाचनालयात घेतली नाही. भाऊंच्या सांगण्यावरून आम्ही तिघे त्या बांधावर गेलो. शिक्षिका होती आणि पागी काकाही होते, सत्तरीच्या आसपासचे. परीक्षकांनी स्पर्धकाला आधी भेटावे का, असा प्रश्न कार्यकारिणीतल्या एकाने नंतर विचारला. तो रास्त होता. आम्ही दुसऱ्या लेखकाला भेटलो नव्हतो, तो फार लांब राहतो हे काही उत्तर नव्हे. या बाबतीत आम्ही चुकलो आणि पुढच्या वर्षीच्या नियमांत तशी भेट बंद केली आहे. तरी त्या संध्याकाळचे सांगतो.

ओहोटी लागली होती. मानशीच्या झडपा हळूहळू उघडत होत्या आणि आतले पाणी चहासारखे तपकिरी बाहेर पडत होते. मी जाडजूड पुस्तक बरोबर नेले होते. ते पान उघडून मी काकांपुढे धरले. त्यांनी छायाचित्र पाहिले आणि ओळखीने मान हलवली. मग शिक्षिकेने त्यांना खालचा मजकूर वाचून दाखवला. सुरेपाशी त्यांनी तिला थांबवले.

‘हें तें न्हय,’ ते म्हणाले. ‘उदकांत आसता तें वेगळें, माडार चडटा तें वेगळें.’

बाई माझ्याकडे पाहत होत्या. मी अकरा चुकांची यादी करायला दोन रात्री घालवल्या होत्या.

भाऊंनी जागेचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी हसून बांधाकडे हात केला. नकाशातले पाणमांजरांचे बीळ आता तिथे नव्हतेच. गेल्या पावसात बांधाला भगदाड पडले, दुरुस्ती झाली, आणि ती पुढे कुठेतरी गेली. कुठे ते त्यांनी सांगितले नाही. शिक्षिकेलाही सांगितले नसावे, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले. ज्याच्या जाळ्याला ही जनावरे भोके पाडतात तोच त्यांचा पत्ता लपवत होता. विचारले तेव्हा म्हणाले की त्यांनी मासे खाल्ले तरी किती खाणार, मानस चुकीच्या वेळी उघडी ठेवून खारे पाणी शेतात घेणारा माणूस जास्त खातो. हे पुस्तिकेत नाही. नाव घेऊन सांगितले असते तर भांडण झाले असते.

आणखी एक गोष्ट तिथे लक्षात आली, जी तिघांपैकी कुणीही कागदावर वाचताना पाहिली नव्हती. मुखपृष्ठावर नाव एकट्या शिक्षिकेचे होते. काकांचे नाव आत, ऋणनिर्देशात, छापखान्याच्या मालकाच्या खाली. बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारले. ती म्हणाली, ‘बाई, त्यांना लिहायला येत नाही, मग लेखक कसे म्हणू?’ यात कपट नव्हते. आपल्याकडे लेखक म्हणजे लिहिणारा, असेच आपण शिकलो. पण त्या पुस्तकातल्या ज्या गोष्टीला आम्ही नवी माहिती म्हणत होतो, तिच्यातली मोठी रास ज्या डोळ्यांनी गोळा केली ते डोळे ऋणनिर्देशात होते.

निर्णय दोन विरुद्ध शून्य असा झाला. बाई तटस्थ राहिल्या, आणि तसे त्यांनी इतिवृत्तात नोंदवायला लावले. मुख्य पुरस्कार पुस्तिकेला. मुलांच्या चित्रपुस्तकाला प्रशस्तिपत्र, हा वर्ग आम्ही जागच्या जागी निर्माण केला आणि त्याचे श्रेय सिडनीला. जाडजूड पुस्तकाला काही नाही. त्याच्या छायाचित्रांसाठी तरी एक प्रशस्तिपत्र द्यावे, असे बाईंनी सुचवले होते. मी नको म्हणालो. आज वाटते, द्यायला हरकत नव्हती. चित्रे त्या छायाचित्रकाराची होती आणि चित्रांत एकही चूक नव्हती.

पुरस्काराला अटी घालता येत नाहीत. नकाशा काढून टाका, नाव वर घ्या, असे आम्ही निर्णयपत्रात लिहिले नाही. भाऊंनी शिक्षिकेला घरी बोलावून चहा पाजला आणि जे सांगायचे ते सांगितले.

देणगीदार समारंभात थोडे खट्टू दिसले. त्यांच्या मनात मुलांनी हाताळावे असे काहीतरी रंगीत होते. पिना मारलेली पुस्तिका त्यांनी उलटसुलट करून पाहिली. मग त्यातला एक तक्ता वाचू लागले आणि शालश्रीफळाच्या वेळी त्यांना दोनदा हाक मारावी लागली. जेवताना त्यांनी मला विचारले, अमावास्येला पाणमांजरे जास्त दिसतात ती भरतीमुळे की काळोखामुळे? मला उत्तर आले नाही. त्यांना मी काकांच्या शेजारच्या पानावर नेऊन बसवले. पौष अमावास्येला खाडीकाठच्या लोकांत चिखलाचा मानगे करून पूजतात, ती मानगे थापणी. तिचे वर्णन ऐकता ऐकता दोघांचीही सोलकढी तशीच राहिली.

पुढच्या वर्षासाठी ओळ बदलली आहे. आता ती अशी : ‘गोव्यातील कोणत्याही वन्य प्राण्याविषयी नवी आणि ताडून पाहता येईल अशी माहिती देणाऱ्या मराठी पुस्तकास, माहिती देणाऱ्यांची नावे लेखकांत असावीत, दुर्मिळ प्राण्यांच्या नेमक्या जागा छापलेल्या नसाव्यात.’ बाईंनी तिसऱ्या कलमातली शब्दरचना दोनदा सुधारली. चौथे कलम त्यांनी स्वतः घातले : ‘भाषा नीट असावी.’ त्याला कुणी विरोध केला नाही.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती चतुर्थीच्या आधी आली. नकाशा नाही. मुखपृष्ठावर दोन नावे आहेत, काकांचे वर. शुद्धलेखनाच्या चुका निम्म्या झाल्या आहेत, उरलेल्या बाईंनी पेन्सिलने खूण करून पाठवल्या.

जाडजूड पुस्तकाच्या प्रकाशकाला मी अकरा चुकांची यादी पाठवली होती, कसलेही निर्णयपत्र न जोडता. बरेच दिवस उत्तर नव्हते. मग एक पाकीट आले, त्यात छापील शुद्धिपत्राच्या दोन पट्ट्या. नऊ चुका मान्य, दोन नाहीत. उदमांजराच्या पानासाठी नवा मजकूर दिला होता आणि त्यात आता फक्त पाणमांजर होते, माड नव्हता. वाचनालयाच्या प्रतीत ती पट्टी मीच डिंकाने चिकटवली. दुसरी पट्टी टेबलावर होती. भाऊ आले, त्यांनी ती वाचली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, काकांना दाखवतो.